दिवसा बैल, रात्री सायकल

मनकर्णेच्या नावाचा हुकूम आला तेव्हा ती अंगणात ज्वारी पाखडत होती. बोरीच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून जूनच्या सतरा तारखेला रुजू व्हावं, असं त्यात मराठीत लिहिलं होतं. साल सत्तावन्न. मराठवाडा मुंबई राज्यात जाऊन सहा महिने झाले होते आणि सरकारी कागद मराठीत येतो याचंच तांबुळवाडीला अजून अप्रूप होतं. तिचे सासरे आश्रुबा यांना जुनी उर्दू मोहर नुसती बघून ओळखता यायची, पण वाचता ना उर्दू येत होतं ना मराठी. त्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला, आपल्या बहिणीच्या, कडूबाईच्या हातात दिला आणि बैलांना पाण्यावर घेऊन गेले.

अर्ज मनकर्णेनं नवऱ्याच्या सांगण्यावरून केला होता. बन्सीधर पूर्णा जंक्शनला लोको शेडमध्ये इंजिनं पुसणारा खलाशी होता, दर दुसऱ्या रविवारी घरी यायचा. त्याला शाळा फार लाभली नव्हती, पण बायको सातवी पास आहे ही गोष्ट तो शेडमधल्या प्रत्येकाला सांगून झाला होता. मनकर्णेचे वडील जिंतूरला मास्तर होते. त्यांनी लेकीला हौसेनं शिकवलं आणि मग, चांगलं घर बघून, रस्त्यापासून दीड कोस आत असलेल्या या गावात दिलं.

अडचण होती ती या दीड कोसाची. तांबुळवाडीहून पक्क्या रस्त्याला लागायचं तर काळ्या मातीतली गाडीवाट. उन्हाळ्यात तिच्यात चाकोऱ्या इतक्या खोल पडायच्या की माणूस पाय मुरगळून घेई, आणि पावसाळ्यात ती माती चपलेला धरली की चप्पल सोडत नसे. मध्ये एक ओढा. रस्त्याला लागल्यावर बोरी तिथून दोन कोस. परभणीहून जिंतूरला जाणारी मोटार त्या फाट्यावरून जायची, पण एक भर दुपारी आणि दुसरी दिवेलागणीनंतर. शाळेच्या घंटेशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. बोरीत खोली घेऊन एकटीनं राहावं असं कुणाच्या मनातही आलं नाही, आणि घरी दीड वर्षाची अनुसया होती.

तीन दिवस आश्रुबा त्या कागदाबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. सून आणि सासरा यांच्यात तसंही बोलणं नव्हतंच. काही सांगायचं झालं तर ते कडूबाईला सांगत, आणि कडूबाई घरात नसली तर जवळच्या जनावराला. मनकर्णा पदर पुढे ओढून ऐके आणि काम करून टाके. चार वर्षांत तिनं त्यांचा चेहरा नीट पाहिला नव्हता. पाय मात्र चांगले ओळखीचे होते.

चौथ्या दिवशी सकाळी ते सुताराकडे गेले. गोठ्यामागे एका मोडक्या गाडीची चाकं पडली होती, ती त्यांनी बरोबर नेली. आठवड्यानं परत आले ते एक छोटी, दोन दांड्यांची, एका बैलाची गाडी ओढत. आत दोन माणसं कशीबशी बसतील एवढीच जागा.

"कडे," ते बहिणीला म्हणाले, "पेरणीच्या दिसात माझी जोडी मी देणार न्हाई. ती रानात लागती. तांबड्याला नांगराला जुंपत न्हाई आपण दोन सालापासून. बसून खायलाय. रस्त्यापातूर त्यानं न्यावं. म्होरं काय करायचं ते ज्याचं त्यानं बगावं."

कडूबाईनं चुलीजवळ येऊन हे जसंच्या तसं सांगितलं, जसं काही मनकर्णेनं दाराआडून ऐकलंच नव्हतं. मनकर्णेनं अनुसयेला उचलून उगाच घट्ट धरलं.

पुढची सोय बन्सीधरनं केली. पुढच्या रविवारी तो परभणीच्या स्टेशनापासून सायकल चालवत आला आणि गाडीवाटेवर ती खांद्यावर घेऊन आला. रेल्वेतल्या कुणा साहेबाची जुनी सायकल, काळी, उंच, मधे दांडी असलेली पुरुषांची.

"ही मी चालवू?" मनकर्णा म्हणाली. "दांडीवरून पाय कसा टाकू?"

"तुझं लुगडं कासोट्याचं हाय," बन्सीधर म्हणाला. "पाचवारीवालीला जमणार न्हाई. तुला जमतंय."

ती मास्तरीण होणार म्हणून गोल पाचवारी साडी नेसावी असं तिनं मनात ठरवून ठेवलं होतं. ते तिथंच राहिलं.

शिकायला जागा होती खळ्याची. गावाबाहेर त्यांचं खळं होतं, शेणानं सारवलेलं, सपाट, मधोमध तिवड्याचा खांब. एरवी बैल त्या खांबाभोवती फिरत, आता मनकर्णा फिरू लागली. बन्सीधर मागून सीट धरून पळे. पहिल्या दिवशी ती सात वेळा पडली, दुसऱ्या रविवारी दोनदा. बन्सीधर पूर्णेला गेला की ती एकटीच सायकल ढकलत खळ्यावर जाई आणि कडूबाई अनुसयेला कडेवर घेऊन बघत बसे. आश्रुबा खळ्याच्या कडेला पाठ करून दोर वळत बसत. सून पडल्याचा आवाज आला की त्यांचे हात क्षणभर थांबत. ती उठून पुन्हा निघाल्याचा आवाज आला की हात चालू होत. पाठ त्यांनी एकदाही वळवली नाही.

गाडी हाकणंही तिला नवंच. ती शिकवणी आश्रुबांनी तांबड्याशी बोलून दिली. "कासरा वढायचा नसतो रे तांबड्या, नुसता धरायचा असतो. वढला की तू चुकीचं समजतोस. व्हय का न्हाई?" तांबडा बारा वर्षांचा झाला होता, त्याला सगळं ठाऊक होतं. मनकर्णेनं मनातल्या मनात ते बोल पाठ केले.

सतरा तारखेला पहाटे गाडीत सायकल आडवी घातली, कडब्याची पेंढी ठेवली, भाकरीचं गाठोडं ठेवलं. पहिल्या दिवशी आश्रुबा बरोबर आले. ते गाडीत बसले नाहीत, गाडीमागून चालत आले.

फाट्याजवळ, रस्त्याला लागूनच गोजरबाईचा आखाडा होता. आखाडा म्हणजे शेतातलं घर आणि गोठा. तिचा नवरा सूर्यभान चार वर्षांपूर्वी वारला, एकुलती लेक मानवतला दिलेली. गावात भावकीत राहायला ये असं सगळे म्हणत होते, पण गोजरबाईनं शेत सोडलं नव्हतं. पन्नाशीची, काटक बाई. बोलणं तोडल्यासारखं.

आश्रुबांनी रामराम घातला आणि विचारलं, सुनेचा बैल दिवसभर इथं बांधला तर चालेल का, कडबा आम्ही आणू.

गोजरबाईनं बैलाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, सायकलकडे पाहिलं आणि शेवटी मनकर्णेकडे.

"हिच्यावर बसून जायची का तू बोरीला?"

"व्हय, मावशी."

"पडलीस तर?"

"पडले तर उठंन."

"बांधा तितं लिंबाखाली," गोजरबाई म्हणाली. "आन् ही सायकल रोज कशाला नेताव घरी? रात्री माझ्या गोठ्यात राहू द्या. तितं चिखलात तिचं काय काम?"

इतकी साधी गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. त्या दिवसापासून तेच चाललं. सकाळी मनकर्णा तांबड्याला सोडून लिंबाखाली बांधी आणि गोठ्यातून सायकल काढी. संध्याकाळी सायकल गोठ्यात लावी आणि तांबड्याला जुंपी. दिवसा बैल, रात्री सायकल.

पहिल्या दिवशी रस्त्यावर तिला फार बरं वाटलं. खडीचा रस्ता खळ्याइतका गुळगुळीत नव्हता, पण सरळ होता. दोन्हीकडं नुकती पेरलेली रानं. बाभळीच्या रांगेपुढं थोडा उतार होता, तिथं पायडल न मारताच सायकल आपली आपण पळू लागली. वाऱ्यानं पदर मागं गेला, तो सावरायला हात सोडता येईना. तसंच राहू दिलं.

शाळा मात्र उजव्या हाताला होती. आणि मनकर्णा महिनाभर खळ्यावर फिरली होती ती नुसती डावीकडे वळत. फाटकासमोर तिनं हँडल उजवीकडे केलं, अंग डावीकडेच गेलं, आणि नव्या बाई तीसेक मुलींच्या देखत धुळीत बसल्या. कुणी हसलं नाही. दोन मुलींनी धावत येऊन तिचं गाठोडं उचललं. मुख्याध्यापिका सुमनबाई परभणीच्या होत्या. त्यांनी गुडघा धुवायला तांब्याभर पाणी दिलं आणि हजेरीपुस्तक पुढे केलं. त्या दिवसापासून रोज मधल्या सुट्टीत मनकर्णा शाळेमागच्या चिंचेभोवती उलट्या दिशेनं फेऱ्या मारू लागली. पंधरा दिवसांत उजवीकडे वळणं जमलं.

चढणं मात्र काही केल्या जमेना. उभ्या जागेवरून दांडीपलीकडं पाय टाकून तोल धरणं तिच्या हातापायात बसतच नव्हतं. तिला चढायला दगड लागे. मैलाचा दगड असला की त्यावर उभं राहून ती सीटवर बसे आणि पायानं रेटा देई. एकदा बसली की बोरीपर्यंत उतरायचं नाही, असं खरं तर असायला हवं होतं.

पण रस्त्यावर माणसं भेटत. गावातलं कुणी वडीलधारं समोरून आलं की मनकर्णा उतरे. बाईमाणसानं वडीलधाऱ्यांपुढं पायातली चप्पलही काढून हातात घ्यायची, तिथं सायकलवर बसून कसं जाणार? ती उतरे, पदर पुढं घेई, माणूस गेला की सायकल ढकलत पुढच्या दगडापर्यंत चालत जाई. बोरीच्या बाजाराच्या दिवशी तर तांबुळवाडीची निम्मी म्हातारी माणसं रस्त्यावर असत. त्या दिवशी सायकल तिला नेत नसे, तीच सायकलला नेई. शाळेत पोचेपर्यंत प्रार्थना संपलेली असे. सुमनबाई काही बोलत नसत, फक्त घड्याळाकडे बघत.

"कामून उशीर होतो तुला बाजारच्या दिशी?" एकदा गोजरबाईनं विचारलं. मनकर्णेनं सांगितलं.

"आन् त्या म्हाताऱ्यांनी तुला सांगितलं का, उतर म्हणून?"

"न्हाई."

"मंग?"

"मामंजींच्या कानावर गेलं तर त्यांना खाली बघावं लागंल. त्यांनी माझ्यासाठी गाडी केली, मावशी. बैल दिला. एक शब्द बोलले न्हाईत. मी कशी त्यांचं नाव खाली करू?"

गोजरबाईनं नुसता हुंकार दिला आणि तांबड्यापुढं कडबा सरकवला.

हे मनकर्णेच्या मनात खरोखरच होतं. बाभळीच्या उतारावर सायकल आपली आपण पळायची तेवढ्या वेळात ती रोज एकेकाला आठवून मनातून हात जोडी. आज कडूबाईला, अनुसयेनं रात्रभर रडून जागवलं तरी सकाळी सुनेला भाकरी बांधून देणारीला. उद्या बन्सीधरला. परवा गोजरबाईला. आश्रुबांची पाळी आली की तिला त्यांचा चेहरा डोळ्यांपुढं आणता येत नसे. दोर वळणारी पाठ तेवढी दिसे.

भाद्रपदात दोन दिवस झड लागली. तिसऱ्या दिवशी उघडीप होती, पण जमीन लोण्यासारखी मऊ झाली होती. बाजाराचा दिवस होता. मनकर्णा शाळा सुटल्यावर पोत्याची खोळ गुंडाळून निघाली आणि दिवस हातभर वर असताना आखाड्यावर आली. लिंबाखाली तांबडा नव्हता. खुंटाही नव्हता. खुंट्याच्या जागी नुसतं भोक होतं आणि त्यात पाणी साचलं होतं. गाडी आपल्या जागी उभी होती.

तिनं हाका मारल्या. गोजरबाई लांबच्या पट्टीत खुरपत होती, ती खुरपं घेऊनच आली. रिकामी जागा पाहिली आणि मटकन खाली बसली.

"मी सकाळपासून तिकडंच होते गं. खुंटा हालतो का न्हाई एवढं बघायला पायजे होतं मी."

"घराकडं गेला असंल, मावशी. त्याला वाट ठाऊक हाय."

"गेला असंल तर देव पावला. पण आज बाजार. रस्त्यानं सकाळपासून शंभर माणसं गेली. मोकळं जनावर दिसलं तर कुणी सोडतंय का?" गोजरबाईनं खुरपं चिखलात खुपसलं. "लोकाचा बैल माझ्या दारातून गेला. काय तोंड दाखवू?"

"बसू नका. उठा." मनकर्णा म्हणाली, आणि आपण एवढं ठाम बोललो याचं तिचं तिलाच नवल वाटलं. "तुमी गाडीवाटेनं वढ्यापातूर बघा. बोरीकडून मी आत्ताच आले, तिकडं न्हाई तो. मी झरीच्या अंगाला बघून येते."

दगड शोधायला वेळ नव्हता. तिनं गाडीच्या दांडीवर पाय ठेवला, सायकलवर बसली आणि निघाली.

झरीच्या बाजूला, परभणीकडच्या रस्त्यावर, ती सायकलनं कधी गेली नव्हती. रस्त्यावर बाजार करून परतणारी माणसं होती. कुणाच्या डोक्यावर पाटी, कुणाच्या हातात कोंबडी. "तांबडा बैल दिसला का, म्हातारा, डाव्या शिंगाचं टोक मोडलेला?" ती सायकलवरूनच विचारत होती. उतरायचं तिच्या ध्यानातही राहिलं नाही. रस्त्याची खडी फोडणारी माणसं डेरा टाकून होती, त्यांना विचारलं. चाक बदलत थांबलेल्या एका लॉरीवाल्याला विचारलं. कुणी तांबडा बैल पाहिला नव्हता. पक्का कोसभर गेल्यावर तिला कळलं की आता पुढं जाण्यात अर्थ नाही. उजवीकडे वळण घेऊन ती मागं फिरली.

पश्चिमेला ढगाखालून थोडा उजेड उरला होता. तिला अनुसया आठवत होती. बैलाचं काय झालं असेल हे आठवत होतं. घरी जाऊन काय सांगायचं याची वाक्यं ती मनात जुळवत होती आणि एकही वाक्य पुरं होत नव्हतं. तांबडा बारा वर्षं त्या घरात होता. ती चार.

फाटा दिसू लागला तेव्हा रस्त्याच्या मधोमध कुणीतरी उभं होतं. मांड्यांपर्यंत चिखलानं माखलेलं, डोक्याला पागोटं नाही, एका पायात वहाण, दुसरा अनवाणी. त्या अनवाणी पायावरून तिनं ओळखलं. मामंजी.

हात आपोआप ब्रेकवर गेला, पाय खाली यायला लागला.

"उतरू नको."

आवाज मोठा होता. इतका मोठा आवाज आश्रुबांनी घरात कधी काढला नव्हता.

"उतरू नको, माय. ये. तशीच ये."

ती तशीच गेली. त्यांच्या बाजूनं गेली तेव्हा पदर सावरायला हात मोकळा नव्हता, म्हणून तिनं सासऱ्यांचा चेहरा पाहिला. गालांत खड्डे, पांढऱ्या मिशा, आणि डोळे भरलेले. आखाड्याच्या तोंडाशी ती थांबली. तिथं गोजरबाई उभी होती, तिनं सायकल धरली.

"बैल घरी हाय," गोजरबाई म्हणाली. "दावं आन् खुंटा वढत घरी गेला. मला वढ्याजवळ तुझे सासरे भेटले."

आश्रुबा मागून चालत आले. त्यांना अजून धाप लागली होती. ते दगडावर टेकले आणि कुणाकडे न बघता, पण या वेळी सुनेशीच बोलले.

"तांबडा दारात येऊन हंबरला. खुंट्याकडं ध्यानच गेलं न्हाई माझं. गाडी न्हाई, तू न्हाई. मला वाटलं, गाडी वढ्यात..."

गोजरबाईनं आत जाऊन गुळाचा खडा आणि पाणी आणलं. दोघांनी ते घेतलं. मग सायकल गोठ्यात लावून, गाडी तिथंच सोडून, सून आणि सासरा चिखलातून घराकडे निघाले. पुढं आश्रुबा, चार पावलं मागं मनकर्णा. त्यांची हरवलेली वहाण ओढ्याअलीकडे चिखलात रुतलेली सापडली. मनकर्णेनं ती ओढून काढली आणि हातात घेतली.

ओढा ओलांडल्यावर ते म्हणाले, "पळताना मी देवाला काय म्हनलं सांगू?"

ती दोन पावलं पुढं सरकली.

"म्हनलं, हिची नोकरी राहो न राहो, ही तेवढी राहू दे. मंग गोजरबाई भेटली. म्हन्ली, मास्तरीन धड हाय, सायकल घेऊन बैल हुडकायला झरीकडं गेली." थोडं चालून ते पुढं म्हणाले, "तवा मला माझीच लाज वाटली. म्हनलं देवा, मघाचं इसर. नोकरी बी राहू दे."

मनकर्णेला हसू आलं आणि रडूही. अंधारत होतं, म्हणून दोन्ही खपून गेलं.

"मामंजी," ती म्हणाली. हा शब्द तिनं त्यांना उद्देशून आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला होता. पुढचं सगळं मनात गच्च भरलेलं होतं. गाडी, बैल, खळ्यावरचे ते दिवस. पण तोंडून एवढंच आलं, "तुमी लय केलं माझ्यासाठी."

"मी काय केलं? दोन चाकं पडली होती, ती जोडली." मग थांबून, मागं वळून ते म्हणाले, "गोजरबाईनं अजून एक सांगितलं मला. तुला चढायला दगड लागतो, आन् गावातला म्हातारा दिसला की तू उतरतीस. गावात लोक मला म्हनायचे, आश्रुबा, सून लय रीतीची हाय तुझी. मला बरं वाटायचं. त्या रीतीपायी तू निम्म्या रस्त्यानं पायी जातीस हे मला कुणी सांगितलं न्हाई."

"सवय झाली."

"उद्यापासून कुणासाठी उतरायचं न्हाई. शाळेत पोरी वाट बघायल्यात. कुणी काय म्हनलंच, तर सांग, आश्रुबाला इचारा म्हणून."

घरी कडूबाई अनुसयेला घेऊन उंबऱ्यात उभी होती. तांबडा गोठ्यात शांतपणे रवंथ करत होता, दावं अजून गळ्यात, त्याला लटकलेला खुंटा चिखलानं भरलेला. मनकर्णेनं आधी लेकीला घेतलं, मग जाऊन बैलाच्या कपाळावरून हात फिरवला. त्याच्यावर कसं रागवावं ते तिला कळेना. तो आपला घरी आला होता, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आखाड्यावर होती, म्हणून तिघं पायीच निघाले. पुढं आश्रुबा तांबड्याला धरून, मागं मनकर्णा. आश्रुबांच्या खांद्यावर बाभळीचा नवा खुंटा होता, हातभर लांब, टोक भाजून काळं केलेलं.

गोजरबाई रस्त्यावर येऊन उभी होती. रात्री झोपली नसावी. डोळे लाल, केस विंचरलेले नव्हते. सायकल मात्र तिनं पुसून लखलखीत करून दाराशी आणून ठेवली होती.

"घेऊन जा म्हनलं," ती आश्रुबांना म्हणाली. "सायकल बी न्या आन् गाडी बी. माझ्याच्यानं राखण झाली न्हाई. रस्त्यालगत दुसरं कुणी बघा."

"खुंटा उपटला तो पावसानं," आश्रुबा म्हणाले. "त्यात तुमचं काय?"

"लोकाचं जनावर होतं."

"मावशी," मनकर्णा मध्येच म्हणाली, "तुमी पहिल्या दिवशी नको म्हनला असता, तर मी आज घरी ज्वारी पाखडत बसले असते. दुसरीकडं मी जाणार न्हाई."

गोजरबाईनं सायकलच्या सीटवरून पुन्हा एकदा पदर फिरवला, तिथं पुसण्यासारखं काही नव्हतं तरी.

"खरं सांगू का बाई," ती म्हणाली, आणि तिचं बोलणं नेहमीसारखं तुटक राहिलं नाही. "हे गेल्यापासून या रस्त्यानं मोटारी जातात, गाड्या जातात, कुणी थांबत न्हाई. तू यायला लागलीस तसं सकाळी एकदा आन् सांजच्याला एकदा मला कुणीतरी हाक मारतंय. बैल दिवसभर हितं असला की मी त्याच्याशी बोलते. काल वाटलं, गेलं आता हे. रात्रभर तेच डोक्यात. तुमी मला काय सांगता उपकार? ते मीच म्हनायला पायजे होतं."

आश्रुबांनी खांद्यावरचा खुंटा खाली घेतला.

"कुठं रोवू?" त्यांनी विचारलं.

गोजरबाईनं लिंबाच्या बुंध्याशी, जिथं जमीन मुरमाड होती, तिथं बोट दाखवलं. आश्रुबा दगड घेऊन खुंटा ठोकू लागले. मनकर्णा सायकलवर बसली. बाभळीच्या उतारापर्यंत तिला मागून ठोकण्याचा आवाज ऐकू येत होता. त्या दिवशी रस्त्यात गावचे किशनराव भेटले, सत्तरीचे. मनकर्णेनं सायकलवरूनच मान लववली. ते बघत राहिले, मग त्यांनी हात वर करून रामराम केला. ती शाळेत पोचली तेव्हा मुली अंगणात रांगा करत होत्या आणि घंटा व्हायला अजून पाच मिनिटं होती.